विहिरीत आणि गोदेच्या काठाला नळ्या सापडल्यात, ही समुद्रातल्या किड्यांची बिळं आहेत का?

गोदाकाठचा_पोरगा

राम राम मंडळी. दोन फोटो टाकलेत, आधी ते बघा मग पुढं वाचा. आमचं गाव गंगाखेडच्या खाली गोदेच्या काठाला, आणि यंदा पाणी पार तळाला गेल्यानं काठाची दरड ढासळून आतली पिवळी माती उघडी पडलीय. त्या मातीत पांढऱ्या नळ्या दिसायल्यात, करंगळीएवढ्या जाड, उभ्या, काही वीतभर तर काही हातभर, आणि मधून पोकळ, म्हणजे काडी घातली तर आत जाती. हा झाला पहिला फोटो. दुसरा आमच्या चुलत्याच्या विहिरीवरचा, काम चालू आहे, बार उडवल्यावर यारीनं जो दगड वर काढला त्यात पण तशाच पांढऱ्या नळ्या, फक्त भरीव, अन् दगड काळा कुळकुळीत.

भानगड अशी झाली की मी हे गावच्या ग्रुपवर टाकलं आणि एकानं लगेच लिहिलं की हे ट्रेस फॉसिल आहेत, समुद्रातल्या अळ्यांची बिळं, म्हणजे मराठवाडा समुद्राखाली होता. झालं, तेव्हापासून दोन पार्ट्या पडल्यात आणि एक पार्टी तर समुद्रमंथनापर्यंत पोचली. मी बीएस्सी झूलॉजी केलंय पण आम्हाला ट्रेस फॉसिल एका पॅरेग्राफात उरकलं होतं, ठसे बिळं आणि लेंड्या एवढंच ध्यानात आहे.

मला कळत नाही ते हे, की प्राणी नाही, हाड नाही, शिंपला नाही, नुसतं बीळ उरलंय, तर त्यावरून तिथं समुद्र होता का नदी का कोरडी जमीन, पाणी उथळ होतं का खोल, हे लोक सांगतात कशावरून? आणि माझ्या नळ्यांचं काय समजायचं? जरा सविस्तर सांगा, गुगल कर म्हणणाऱ्यांनी राहू द्या.

खडकफोड्या_जालना

विहिरीच्या फोटोचं मी सांगतो, आमच्या घरात आज्यापासून विहिरीचंच काम आहे. हे बीळ फीळ काही नाही भाऊ. काळ्या पाषाणाचा थर संपत आला की बुडाला अशा नळ्या लागतात, पोकळ असल्या तर आत चकाकणारे खडे, नाहीतर पांढऱ्या गारेनं भरलेल्या. त्याच्या खाली बऱ्याचदा तांबडा गेरू नाहीतर मांजऱ्या, म्हणजे मऊ खडक. शास्त्र आम्हाला माहीत नाही पण नळ्या दिसल्या की खालचा थर जवळ आला एवढं समजतं. चुलत्याला म्हणावं जरा सबुरीनं घ्या, गेरू लागला तर बाजू ढासळती, रिंग टाकायची तयारी ठेवा. नदीच्या फोटोतलं मला नाही सांगता यायचं.

कच्छ_रिटर्न

खडकफोड्या दादा एकदम बरोबर बोलले, कॉलेजात हे शिकवायला आम्हाला अर्धा तास लागतो. (मी लातूरची, जिऑलॉजीत एमएस्सी, डेझर्टेशनचं फील्ड कच्छात होतं म्हणून हे नाव.) विहिरीतल्या नळ्या म्हणजे पाइप अ‍ॅमिग्ड्यूल. लाव्हा पसरतो तेव्हा तळाला अडकलेला वायू वर निघायला बघतो, पण तोवर लाव्हा थिजत आलेला असतो म्हणून बुडबुड्याची वाट तशीच राहून जाते, आणि मग पुढं कितीतरी काळ त्यातून पाणी झिरपून झिओलाइट, गार, कॅल्साइट असली खनिजं भरतात. हजार अंशाच्या वरचा लाव्हा, त्यात कोण अळी बीळ करणार. पण एक बघ, नळ्या सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या असल्या तर लाव्हा कोणीकडं वाहत होता ते त्यावरून कळतं, फक्त त्यासाठी दगड विहिरीच्या भिंतीत जागेवर पाहिजे, यारीनं वर आलेल्या तुकड्याचा उपयोग नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा मामला आहे हा.

आता तुझा खरा प्रश्न. हाड शिंपले वाहत जातात. मांजरेच्या पात्रातल्या वाळू-गोट्यांत हत्तीची जुनी हाडं सापडलेली आहेत, पण तो हत्ती तिथंच मेला का वर कुठं मेला आणि पुरात गडगडत आला हे हाडावरून लगेच सांगता येत नाही. बीळ मात्र वाहून जात नाही, ते जिथं केलं तिथंच राहतं, वाहिलं की मोडलंच. म्हणून ज्या थरात बीळ आहे त्याच थरात, तोच चिखल पायाखाली असताना, कोणीतरी जिवंत होतं आणि काहीतरी करत होतं. कोण होतं हे नाही कळलं तरी चालतं, काय करत होतं ते कळतं, आणि अर्धी माहिती त्यातच असते.

म्हणजे बघ, लाटा सारख्या आपटायलेत, वाळू हलायलीय, खाणं पाण्यातच तरंगतंय, अशा जागी प्राणी उभी खोल नळी करून आत बसतो आणि पाणी गाळून खातो. अशा उभ्या साध्या नळ्यांना स्कोलिथोस म्हणतात. पाणी संथ झालं की खाणं तळाला चिखलात बसतं, मग आडवी बिळं, सरपटल्याच्या रेघा, उकरल्याच्या खुणा, सगळी मिसळ. त्या खुणांच्या गटाला क्रुझियाना. आणि पार खोल समुद्रात, जिथं खाणं थोडं आणि हळूहळू वरून पडतं, तिथं अळी तळावर अशी चरत जाते की एक रेघ दुसरीवर चढत नाही, वखरपाळी घालताना तास जसे शेजारी शेजारी पडतात तशी, एक इंचही वाया जात नाही. ही सगळी मांडणी अडोल्फ झाइलाकर नावाच्या जर्मन माणसाची (१९२५ ते २०१४), त्यानं १९५३ मध्ये आधी खुणांची वर्तनावरून विभागणी केली, विसावा घेतल्याची खूण, राहायचं बीळ, चरायची रेघ, चालल्याची वाट अशी, आणि नंतर १९६७ मध्ये पाण्याच्या खोलीशी त्याची सांगड घातली.

माझं सगळ्यात आवडतं बीळ डिप्लोक्रेटेरियन. उभं, इंग्रजी यू अक्षरासारखं. वरून गाळ पडायला लागला की प्राणी गाडला जाऊ नये म्हणून यू वर सरकवतो, आणि वरचा गाळ धुऊन गेला की उघडं पडू नये म्हणून खाली सरकवतो, अन् दर वेळेला जुन्या यूचा तळ बारीक कमानीसारखा मागं राहतो. कमानी यूच्या दोन पायांच्या मधे असल्या तर तो खाली गेला, यूच्या खाली असल्या तर वर आला. म्हणजे त्या जागी गाळ साचायला होता का धुपायला, हे दगडाच्या एका तुकड्यात वाचता येतं, प्राण्याचं नाव गाव काही माहीत नसताना. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी मेसचं जेवण चुकवलं होतं.

पण हेही सांगते की खोलीचं गणित एवढं सरळ नाही. बिळाला पाण्याची खोली समजत नाही, त्याला समजतं लाट किती, खाणं किती, ऑक्सिजन किती, पाणी खारं का गोडं, तळ घट्ट का लिबलिबीत. खोलीबरोबर या गोष्टी बऱ्याचदा बदलतात म्हणून खोली कळल्यासारखी वाटते. उभ्या नळ्या नदीच्या वाळूत पण असतात. म्हणून एका नळीवरून समुद्र म्हणणारा तुमच्या ग्रुपवरचा माणूस दोन पायऱ्या गाळून वर गेलाय. आधी दगड बघायचा, मग एका थरात किती जातीच्या खुणा आहेत ते, मग कुठली खूण कुठलीला कापून गेलीय ते, आणि खूण बघायची त्याच्यानंतर.

नदीच्या नळ्यांबद्दल माझा अंदाज आहे की ही मुळं आहेत. म्हणजे मुळाभोवती चुनखडी जमून झालेल्या नळ्या, मूळ कुजलं आणि पोकळी राहिली. एक कर, फरशी धुवायचं अ‍ॅसिड पाणी घालून अगदी पातळ कर, त्याचा थेंब टाक आणि फसफसतं का सांग. (हातमोजे घाल, पाण्यात अ‍ॅसिड टाकायचं, अ‍ॅसिडात पाणी नाही.) आणि नळी खाली जाता जाता बारीक होते का, तिला बारीक फाटे आहेत का ते बघ. मूळ निमुळतं होतं आणि फाटे आईपेक्षा बारीक. बीळ वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचं, कारण प्राण्याचं अंग तेवढंच.

भोकरदनचा_शंकासूर

ताई लिहिता छान, पण मला यात अंदाजपंचेच जास्त दिसायलंय. बीळ कोणी केलं माहीत नाही, तीच खूण वेगवेगळे प्राणी करतात, एकच प्राणी चार खुणा करतो, उभ्या नळ्या समुद्रातही आणि नदीतही, मग उरलं काय? हात बघून भविष्य सांगणाऱ्यापेक्षा यात वेगळं काय आहे ते सांगा.

कच्छ_रिटर्न

शंका रास्त आहे, आणि या विषयात माणसं जोरात आपटलेली पण आहेत. खुद्द झाइलाकरचंच सांगते. मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात विंध्य खडकांमध्ये चोरहाट नावाचा वालुकाश्म आहे, त्यातल्या खुणा बघून त्यानं आणि दोन सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सायन्स नावाच्या शोधपत्रिकेत लिहिलं की या शंभर कोटी वर्षांपेक्षा जुन्या अळ्यांच्या वाटा आहेत. जगभर गाजलं. पुढं त्या खडकाचं वय साधारण १६० कोटी वर्षं निघालं, म्हणजे प्राण्यांच्या बाकी सगळ्या पुराव्यांच्या शंभर कोटी वर्षं आधी, आणि बहुतेक लोक आता म्हणतात की त्या अळ्या नव्हेत, सूक्ष्मजीवांच्या थराखाली वाळूत पडलेल्या भेगा-वळ्या आहेत. एवढा मोठा माणूस, पण दगड सजीवाची नक्कल करतो तिथं सगळेच फसतात.

तरी हात बघण्यात आणि यात फरक आहे दादा. क्रुझियाना ही दुपदरी चर (मघाच्या गटाला नाव हिच्यावरूनच), आधी सगळे म्हणायचे ट्रायलोबाइटची, म्हणजे समुद्रातल्या एका नामशेष कवचधारी प्राण्याची. पुढं ट्रायासिक नावाच्या नंतरच्या कालखंडातल्या खडकात पण सापडली, तेव्हा ट्रायलोबाइट केव्हाच संपले होते. मग लोकांनी काय केलं, खुणेला प्राण्याचं नाव द्यायचंच नाही असं ठरवलं, खुणेचं नाव वेगळं प्राण्याचं वेगळं. ज्योतिषी असं करतो का?

आणि उरलं काय विचारता तर हे बघा. कॅम्ब्रियन कालखंड कुठून सुरू झाला ती जगमान्य रेघ १९९२ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये फॉर्च्यून हेड इथं ठरली, साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वीची, आणि ती कुठल्या शिंपल्यावर नाही, ट्रेप्टिक्नस पेडम नावाच्या बिळावर ओढलीय. अळीचा पत्ता नाही, बीळ आहे.

आपल्याच महाराष्ट्रातलं घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरच्या लेंड्या दगड होऊन सापडतात, त्या पण ट्रेस फॉसिलच. त्यात गवताचे सिलिकाचे कण सापडले, २००५ मध्ये सायन्समध्ये आलं. त्याआधी समज असा की गवतं डायनासोर गेल्यावर आली. हाडं कितीही सापडली असती तरी पोटात काय गेलं हे त्यातून कळलं नसतं.

भोकरदनचा_शंकासूर

लेंडीचं पटलं. बिळांबद्दल अजून विचार करायलोय. अन् समुद्राचं काय, ग्रुपवाल्यांना काय सांगायचं?

कच्छ_रिटर्न

समुद्र म्हणणं अगदी वेडेपणा नाही, फक्त पुरावा चुकीचा निवडलाय. नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यात बाघ वगैरे भागात, बेसाल्टच्या (म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या पाषाणाच्या) खाली समुद्री चुनखडक आहेत आणि त्यात थॅलासिनॉइडीस म्हणून फांद्या फुटलेल्या बिळांची जाळी आहे, कोळंबीसारखे जीव करतात तसली, कच्छात भुजच्या आसपास जुरासिक खडकात पण भरपूर. छिंदवाड्याकडं झिलमिलीला तर लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात समुद्री फोरामिनिफेरा (कवचवाले सूक्ष्म एकपेशीय जीव) सापडल्याचं २००९ मध्ये छापून आलंय, त्यावर वाद आहे. पण आपल्याकडं? किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथं ६१७ मीटर खोल बोअर मारलं होतं. वरचे साधारण ३३८ मीटर बेसाल्ट, त्याच्या खाली जेमतेम ८ मीटर गाळाचा खडक, आणि मग थेट जुना ग्रॅनाइटसारखा पाया. नांदेडला देगलूर बिलोलीकडं तर तो पाया वरच उघडा आहे. म्हणजे किल्लारीला तरी बेसाल्टखाली समुद्राचे जाड थर नाहीत, आणि वरचा नदीचा गाळ तर कालपरवाचा, हजारो वर्षांच्या हिशोबातला.

नाथसागर_पक्षीवेडी

मी जिऑलॉजीतली नाही, पैठणला पक्षी बघायला जाते, पण हे वाचून राहवलं नाही. शंकासूर दादा, एकदा एप्रिल-मेमध्ये जायकवाडीच्या बॅकवॉटरला चला. पाणी मागं सरकतं आणि मैलभर चिखल उघडा पडतो, त्याच्यावर हे सगळं जिवंत दिसतं. पाण्याच्या अगदी कडेला बगळ्याचा पाय रुततो, ठसा खोल पण बोटं भरून आलेली, कडा लिबलिबीत. थोडं वर, जिथं चिखल अर्धा सुकलाय, तिथं तोच पाय नखासकट स्वच्छ उमटतो. आणखी वर सुकलेल्या भागात ठसा पडतच नाही. म्हणजे ठसा बघून त्या वेळेला चिखल किती ओला होता ते सांगता येतं, पक्षी कोणता हे नंतर.

आणि भेगा. बगळा चालून गेल्यावर चिखल सुकला तर भेग ठशाला चिरत जाते, बोटाचा एक तुकडा इकडं एक तिकडं. चिखल आधी तडकला असेल तर ठसा भेगेच्या कडेवर पडतो आणि कड चेपते. त्यावरून मेंढ्यांचा कळप गेलेला, त्यांच्या खुरांनी दोन्ही मोडलेलं. कोण आधी कोण नंतर हे लहान पोर पण सांगेल. मी एकदा उकिडवी बसून हेच बघत राहिले आणि रोहित उडून गेले, सोबतचे लोक अजून चिडवतात.

ओढ्याच्या काठाला खेकड्याची बिळं बघा, तोंडाशी चिखलाच्या गोळ्या एकावर एक रचलेल्या असतात. ताई, असलं काही दगडात राहतं का?

कच्छ_रिटर्न

वा, हे सगळं मी आता वर्गात सांगणार. गोळ्या राहतात, पण खेकड्याच्या तोंडावरच्या गोळ्या पावसात विरघळतात, दगडात राहतात त्या बिळाच्या आतून लिंपलेल्या. ओफिओमॉर्फा नावाचं बीळ आहे, आतून गुळगुळीत, बाहेरून गोळ्या-गोळ्यांचं. भुसभुशीत वाळूत बीळ ढासळू नये म्हणून भिंतीला गोळ्या थापलेल्या. म्हणजे वाळू हलती होती. बीळ तसंच पण लिंपण नाही आणि भिंतीवर नखाचे ओरखडे स्पष्ट, तर तळ घट्ट होता. वरचा गाळ धुऊन गेल्यावर आतला दडपलेला घट्ट चिखल उघडा पडतो, त्यात केलेली बिळं अशी दिसतात, म्हणून असा थर दिसला की मधे काहीतरी धुपून गेलंय, काळाचा तुकडा गायब आहे, हे ओळखायचं. तेलाच्या शोधात जमिनीतून काढलेल्या दगडी गाभ्यात लोक हीच खूण धुंडाळत असतात.

गोदाकाठचा_पोरगा

एवढं सगळं लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. रिपोर्ट देतो. विहिरीतल्या नळीवर थेंब टाकला, ढिम्म. नदीच्या नळीवर टाकला तर फेस आला नुसता. नळ्या खाली बारीक होत जातात, फाटे पण आहेत, सुतळीएवढे, आणि काही ठिकाणी फाट्याला फाटा. आडवी मोडली तर आत गोल गोल पापुद्रे. म्हणजे मुळंच ना?

पण एक वेगळी सापडली, फोटो टाकलाय. ती मातीच्याच रंगाची, पांढरी नाही, तिरकी गेलीय, अंगठ्याएवढी जाड आणि टोकापर्यंत तेवढीच, फाटा नाही. सुरीनं लांबीच्या बाजूनं कापली तर आत चंद्रकोरीसारख्या रेघा एकामागं एक, एक फिकट एक गडद. थेंब टाकला तर किंचित फसफसली बस.

आणि मुळांवरून काय कळतं? ग्रुपवर समुद्रवाले शांत झालेत पण आता विचारायलेत की मग यात विशेष काय.

कच्छ_रिटर्न

पांढऱ्या नळ्या मुळंच, शंका नाही. आणि विशेष असं आहे की मुळाभोवती अशी चुनखडी जमायला जमीन बराच काळ उघडी पाहिजे. पूर आला गाळ टाकला आणि गेला, मग वर्षानुवर्षं त्यावर झाडझुडूप, पावसाळ्यात ओल खाली, उन्हाळ्यात ती उडून जायची आणि चुना मागं राहायचा. सतत पाण्याखाली असलेल्या जागी हे होत नाही आणि बारमाही पाऊस पडणाऱ्या जंगलात चुना धुऊन जातो. म्हणजे तुझ्या काठाला तेव्हा पण कोरडा उन्हाळा होता आणि नदीचं पात्र त्या जागेपासून बाजूला सरकलेलं होतं. नळ्या ज्या पातळीपासून खाली सुरू होतात ती पातळी दरडीत लांबवर धर, तीच जुनी जमीन. खाली वर अशा दोन-तीन पातळ्या मिळाल्या तर नदीनं किती वेळा गाळ टाकून थांबा घेतला ते कळेल.

चंद्रकोरीवाली मात्र मूळ नाही, ते बीळ आहे, अभिनंदन. प्राणी पुढं माती उकरतो आणि मागं भरत जातो, एकेक घास एकेक कोर. भुंग्याच्या अळ्या, किडे, गांडुळासारखे जीव, बरेच जण करतात, म्हणून नाव घेऊ नको. पण ओलसर मातीत होतं हे, पाण्यात नाही आणि ठणठणीत कोरड्यात पण नाही, नाहीतर भरलेली माती अशी कोरीत राहिली नसती. कोरीचा खोलगट भाग ज्या बाजूला तोंड करून आहे तिकडं तो जात होता.

आता ती बिळाची नळी पांढऱ्या मुळाला कापून जाते का मूळ तिच्यातून गेलंय तेवढं बघ. मूळ बिळातून गेलं असेल तर बीळ आधीचं. आणि अजून असल्या दिसल्या तर लगेच उपटू नको, आधी शेजारी पेन ठेवून फोटो, वरची बाजू कोणती त्याची बाणाची खूण, मग दरडीच्या माथ्यापासून किती खाली ते टेपनं.

खडकफोड्या_जालना

अन् दरडीखाली उभं राहून मोजू नको. ती माती न सांगता खाली येती.

गोदाकाठचा_पोरगा

हाव दादा, चुलतभाऊ वरून टेप सोडणार आहे. मूळच बिळातून गेलेलं दिसायलंय फोटोत, पण उद्या सकाळच्या उन्हात नीट बघून टाकतो.